मदत हवी आहे : अमोल पालेकरांचे दिग्दर्शक म्हणून कोणते चित्रपट दाखवावेत?

नमस्कार मंडळी. नेरूळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एक शनिवार आम्ही प्रोजेक्टर लावून सिनेमा बघतो. पुढचे तीन शनिवार अमोल पालेकरांचे ठरलेत. आमच्या ज्येष्ठांना पालेकर म्हणजे 'रजनीगंधा' (१९७४) आणि 'गोलमाल' (१९७९) एवढंच. नट म्हणून तेजीत असतानाच त्यांनी १९८१ मध्ये 'आक्रीत' दिग्दर्शित केला, आणि तोही पारधी समाजाचा विषय न टाळता! हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

'बनगरवाडी' (१९९५) नक्की. माडगूळकरांची कादंबरी निम्म्यांनी वाचलेली आहे, त्यामुळे वाद रंगणार. दुसरा संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावरचा 'ध्यासपर्व' (२००१). तिसऱ्यावर अडलंय. मला 'थोडासा रूमानी हो जाएँ' हवा, सेक्रेटरींना 'पहेली'. शाहरुख असला की खुर्च्या भरतात, हे त्यांचं गणित (चूक नाही म्हणा).

तर, तिसरा कोणता? 'ध्यासपर्व'ची चांगली प्रत रीतसर कुठे मिळेल? आणि असा फुकटचा खेळ लावायला परवानगी कोणाकडे मागायची? वाशी-बेलापूरकडच्या कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.