कोलोरॅडोत एल्कसाठी ६.५ क्रीडमोरवर कोणता स्कोप घ्यावा?

डेन्व्हरकर
मंडळी, इथे शिकार करणारं कोणी आहे का माहीत नाही पण मराठीत विचारायला दुसरी जागा सापडली नाही म्हणून धागा काढतोय. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, ड्रॉमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या रायफल सीझनचा एल्कचा (मोठ्या जातीच्या हरणाचा) टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागलाय. ऑफिसातला एक मित्र लहानपणापासून शिकार करतो, त्याच्याबरोबर जाणार. रायफल ६.५ क्रीडमोर (हे काडतुसाचं नाव), गोळी १४३ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप). गाडं अडलंय ते स्कोपवर. बजेट हजार-बाराशे डॉलर. दुकानदार म्हणतो ६-२४x५० (६ ते २४ पट झूम, पुढची काच ५० मिमी) घ्या, लांबचं मारायचं तर झूम पाहिजेच. मित्र म्हणतो त्याच्या वडिलांनी आयुष्यभर ३-९x४० वर एल्क मारले. यूट्यूब उघडलं की फर्स्ट फोकल प्लेन, मिल, एमओए, झीरो स्टॉप, डोकं भणभणतं. मला फार तर ५०० यार्डापर्यंत मारायचंय. नेमकं काय बघून घेऊ?

बोझमनचा_बाप्या
अभिनंदन, पहिल्या सीझनचा टॅग म्हणजे मजा आहे.
दुकानदाराचं सोडा. स्कोप घेताना सगळे वरचा आकडा बघतात, तुम्ही खालचा बघा. एल्क हे जनावर पहाटे आणि संध्याकाळी कुरणात येतं आणि ऊन चढलं की गर्द झाडीत शिरतं, आणि त्या झाडीत ते ४० यार्डावर अचानक समोर उभं राहिलं की ६x वर तुम्हाला नुसती तपकिरी भिंत दिसणार, खांदा कुठला आणि मांडी कुठली कळायच्या आत ते पसार. ३x वर १०० यार्डाला साधारण ३५ फुटांचा पट्टा दिसतो, ६x वर त्याच्या निम्मा. म्हणून खाली ३ किंवा फार तर ४ पाहिजे. वर १५ मिळालं तर ५०० यार्डाला मुबलक झालं, एल्क काही ससा नाही, छातीचा मारा करायचा भागच फूटभर असतो.

दुसरं उजेडाचं. पुढच्या काचेचा व्यास भागिले झूम, म्हणजे ५० ची काच १० वर ठेवली तर डोळ्यात ५ मिमीचा उजेडाचा ठिपका येतो, तीच २४ वर नेली तर २ मिमी. इथे कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत मारता येतं आणि खरा खेळ त्या दोन अर्ध्या तासांतच असतो, तेव्हा २४x वर सगळं काळंमिट्ट. काचेचं कोटिंग चांगलं असलेला ३-१५x४४ हा स्वस्तातल्या ६-२४x५० पेक्षा तेव्हा कितीतरी उजळ दिसतो.

आणि वजन! १० हजार फुटांवर चढताना पाऊण किलोचा स्कोप काय असतो ते दुपारपर्यंत कळतं. तुमच्या बजेटमध्ये ल्युपोल्ड व्हीएक्स-५एचडी ३-१५x४४ किंवा व्होर्टेक्स रेझर एलएचटी ३-१५x४२ बघा, दोन्ही २० औंसांच्या आत आहेत. सेल लागला की घ्या.

मिलवाला
बाप्याशी सहमत, फक्त क्लिकबद्दल लिहायचं राहिलं ते लिहितो.
१४३ ग्रेनची गोळी २७०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते असं धरा आणि झीरो (नेम आणि गोळी जुळतात ते अंतर) २०० यार्डाला केलाय असं धरा, तर ३०० ला ती ७-८ इंच खाली येते, ४०० ला २२ च्या आसपास आणि ५०० ला जवळपास ४५ इंच. म्हणजे शेवटच्या १०० यार्डांत आणखी दोन फूट पडते. हे अंदाजाने वर धरून जमत नाही, टरेट (नेम वर-खाली करायचं स्कोपवरचं चाक) फिरवावाच लागतो. एमओए आणि मिल ही कोनाची मापं. १ एमओए म्हणजे १०० यार्डाला १.०४७ इंच, ५०० ला सव्वापाच. ४५ भागिले सव्वापाच म्हणजे साडेआठ एमओए, पाव एमओएच्या क्लिकने ३४ क्लिक. मिलमध्ये तेच अडीच मिल, २५ क्लिक. आपण मेट्रिकमध्ये वाढलेले, मला मिल सोपं पडतं, पण तुमचा मित्र एमओएवाला असेल तर मुकाट्याने एमओए घ्या, नाहीतर तो डोंगरात "दोन वर घे" म्हणेल आणि तुम्ही भलतंच फिरवाल. रेटिकल (काचेतल्या नेमाच्या रेघा) आणि टरेट मात्र एकाच मापाचे हवेत, जुन्या काही स्कोपांत रेटिकल मिलचं आणि टरेट एमओएचा असायचा, तसलं सेकंडहँड उचलू नका.

फोकल प्लेनचं असं की फर्स्टमध्ये झूमबरोबर रेटिकलही लहानमोठं होतं म्हणून त्यावरच्या खुणा कुठल्याही झूमवर खऱ्या, सेकंडमध्ये त्या एकाच झूमवर खऱ्या, बहुतेकदा सगळ्यात वरच्या. ऐकायला फर्स्ट भारी वाटतं, पण ३x वर त्याचं रेटिकल कोळ्याच्या जाळ्याएवढं बारीक होतं आणि पहाटेच्या अंधारात दिसत नाही. शिकारीला सेकंड प्लस डायल (टरेट फिरवणं) हे समीकरण बरं. झीरो स्टॉप (टरेट परत शून्यावर आला की अडवणारा खटका) मात्र पाहिजेच, घाईत टरेट एक आख्खी फेरी चुकीचा राहिला की गोळी कुठे जाईल देव जाणे.
ल्युपोल्डवाले तुमच्या गोळीप्रमाणे यार्डांचे आकडे कोरलेला डायल करून देतात. सोयीचा आहे, पण तो डेन्व्हरच्या ५ हजार फुटांच्या हिशेबाने करून १० हजारांवर नेला तर लांबच्या अंतरावर थोडा फरक पडेल, हवा विरळ असते, गोळी कमी पडते. शिकारीच्या जागेची उंची द्या.

जुना_नेमबाज
मी शिकारी नाही, कोल्हापूरकडचा .२२ वाला. आमच्या ५० मीटर रायफलला स्कोप चालतच नाही, स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ आणलं ते पीप साइटवर (बारीक भोकातून नेम धरून). त्यामुळे हजार डॉलरच्या काचेचं कौतुक मला जरा कमीच.
वरच्या दोघांनी वाऱ्याचं नावच काढलं नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५०० यार्डाला तुमची गोळी फूटभर बाजूला नेतो, आणि दरीच्या या काठावर एक वारा आणि त्या काठावर दुसरा असतो. स्कोप तो सांगत नाही. एल्कच्या छातीचा भागच फूटभर, म्हणजे वारा निम्म्याने चुकला तरी गोळी पोटात. मग जखमी जनावर रात्रभर हिंडणार. ५०० चा आकडा कुठून आला तुमच्या डोक्यात?

बोझमनचा_बाप्या
काकांना +१. त्यात ६.५ ही एल्कसाठी तशी बेताचीच. जुने लोक एल्कला १५०० फूट-पाउंड एनर्जी पाहिजे म्हणतात, समुद्रसपाटीच्या हिशेबाने ती या गोळीची ४०० यार्डाच्या थोडं आधीच संपते. डोंगरात जरा पुढे जाईल, पण पहिल्याच वर्षी ३०० ची मर्यादा घाला स्वतःला. स्कोपवरचे दोनशे वाचवून लेझर रेंजफाइंडर घ्या, आणि तो उतार धरून अंतर सांगणारा घ्या, कारण ३० अंशाच्या उतारावर ४०० यार्ड दिसतात तिथे ३४६ चा डायल लावायचा असतो.
आणि एक, स्कोप दुर्बीण म्हणून वापरायचा नाही. पलीकडच्या डोंगरावर हलतंय ते केशरी जाकीट घातलेला माणूस निघाला तर तुम्ही त्याच्यावर भरलेली रायफल रोखून बसलेले असता. दुर्बीण वेगळी न्यायची.

डेन्व्हरकर
५०० चा आकडा यूट्यूबवरूनच आला, खरं सांगायचं तर :) ३०० वर ठरवलं. व्हीएक्स-५एचडी ३-१५ हातात घेऊन बघितला, आवडला. रिंगा कुठल्या घेऊ? आणि सातारला चुलतभाऊ आहे त्याच्या एअर रायफलसाठी एखादा जुना स्कोप बॅगेतून नेला तर चालेल का?

मिलवाला
बॅगेत टाकू नका. रायफल स्कोप अमेरिकेच्या एक्सपोर्ट कंट्रोलखाली येतात, लायसन्स लागू शकतं, तिकडे कस्टमचा ताप वेगळाच. त्याला तिथेच घेऊ द्या.
रिंगा ३० मिमीच्या, कारण त्याची ट्यूब ३० ची आहे, १ इंचवाल्या बसणार नाहीत. उंची अशी की पुढची काच नळीला टेकणार नाही, पण गाल दस्त्यावर टेकलेला राहील. इंच-पाउंडवाला टॉर्क ड्रायव्हर घ्या, रिंगेचे स्क्रू साधारण १५ ते १८, कंपनीचं पत्रक बघून. मग रेंजवर उंच कागद लावा, त्यावर ओळंबा लावून उभी रेघ मारा, १०० यार्डावरून खाली एकाच ठिपक्यावर नेम धरून आधी ० वर तीन गोळ्या आणि मग २० एमओए वर फिरवून तीन. वरचा गट जवळपास २१ इंच वर आणि रेघेवरच लागला पाहिजे. कमी-जास्त लागला किंवा बाजूला सरकला तर आधी स्कोप तिरका बसलाय का ते बघा, तरीही तेच असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत दुकानात नेऊन द्या.

पुण्याची_पाहुणी
अवांतर: एच१बी वर बंदूक घेता येते का? नवऱ्याला नवीन खूळ लागलंय.

बोझमनचा_बाप्या
नॉन-इमिग्रंट व्हिसावर एरवी मनाई आहे, पण कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असलं तर त्या अपवादात बसतं. लायसन्स संपलं की अपवादही संपला, तारीख बघत राहायला सांगा त्यांना.