मदत हवी आहे: मेनूच्या बॅकग्राउंडला आकाशात पट्टे येतायत

मंडळी, हार्ट्स ऑफ आयर्न ४ (दुसऱ्या महायुद्धावरचा स्ट्रॅटेजी गेम) साठी छोटासा मॉड, म्हणजे गेममध्ये आपले बदल घालणारी भर, करतोय, लोडिंग स्क्रीन आणि मेन मेनूच्या मागे स्वतः रंगवलेली चित्रं टाकायचीत. संध्याकाळचं आकाश, खाली रणगाड्यांच्या काळ्या आकृत्या (रणगाडे थोडे म्हशींसारखे दिसतात, ते सोडा). गिंपमधून (चित्रं एडिट करायचं सॉफ्टवेअर) डीडीएस, म्हणजे गेमच्या चित्रांचा फाइल फॉरमॅट, करून मूळ फाइलच्याच नावाने मॉडच्या फोल्डरमध्ये ठेवलं, गेममध्ये दिसतंयही.

प्रॉब्लेम असा की डीएक्सटी१ (डीडीएसमधला एक कॉम्प्रेशनचा प्रकार) मध्ये सेव्ह केलं की केशरी-जांभळ्या शेडमध्ये पट्टेच पट्टे, ते ४ बाय ४ पिक्सेलच्या प्रत्येक तुकड्यात मोजून ४ रंग ठेवतं म्हणून होत असणार, आणि कॉम्प्रेशन काढून ३२ बिटमध्ये केलं तर आकाश एकदम मस्त पण फाइल आठपट. एका चित्राला चालेल हो, मला १२ टाकायचीत. डीएक्सटी५ ने काही होणार नाही, त्यात रंगांचं तेच, फक्त अल्फा (पारदर्शकता) वेगळा. नॉइज (बारीक विस्कळीत ठिपके) टाकून पाहिला, पट्टे कमी झाले पण चित्र खरखरीत दिसायला लागलं.

नॉइज किती ठेवता तुम्ही? की सरळ कॉम्प्रेशनशिवायच टाकता? कोणाकडे २१:९ (जास्त रुंद) स्क्रीन असेल तर चित्राचं वरखाली किती कापलं जातं तेपण सांगा ना.