तांब्याच्या पैशावर पांढरा थर: कल्हई, चांदी की पारा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर रिकामं केलं तेव्हा देव्हारा माझ्याकडे आला. त्यातल्या हळदीकुंकवाच्या डबीत एक नाणं होतं. पुढून व्हिक्टोरिया एम्प्रेस, मागे वन क्वार्टर अ‍ॅना, इंडिया, १८८९. म्हणजे साधा जुना पैसा, रुपयाला ६४ मिळायचे तो. पण हा तांबडा नाही, पांढरा आहे!

इतवारीत सराफाच्या काट्यावर ६.३८ ग्रॅम भरला. या पैशाचं मूळ वजन ६.४७, म्हणजे झीज धरून बरोबर बसतं. नाणं तांब्याचंच, वरून काहीतरी चढवलंय, इथपर्यंत माझी खात्री आहे.

थर सगळीकडे सारखा नाही. राणीच्या केसांच्या खाचांत तो दाट बसलाय, ‘अ‍ॅना’तल्या ए अक्षराचं पोट तर जवळजवळ बुजलंय. गालावर आणि कडेला घासून तांबं उघडं पडलंय. कानाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा जांभळट निळा डाग आहे, उन्हात तिरपं धरलं की मोरपिसासारखा रंग बदलतो. मोठी आई दर सणाला पूजेची भांडी चिंचेने घासायची, त्यात हाही घासला जायचा. आता फार वाईट वाटतं, पण तिला कसं कळणार होतं.

तीच सांगायची की पणजोबांना कुणीतरी हा ‘अधेली’ (म्हणजे अर्धा रुपया) म्हणून दिला होता आणि त्यांनी तो मुद्दाम जपून ठेवला. मला हे अगदीच अशक्य वाटत नाही. अधेली चांदीची, ५.८३ ग्रॅमची, जवळपास याच आकाराची. तिच्यावरही राणीचाच चेहरा. संध्याकाळच्या अंधारात, ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्या हातावर ठेवला तर खपला असता. फक्त अधेलीची कड दातेरी असते आणि याची गुळगुळीत आहे. नखाला लगेच कळतं.

मला कल्हईचा संशय जास्त आहे. कल्हईवाल्याच्या भट्टीत तापवून, नवसागर मारून कथील फिरवलं की खाचा अशाच भरतात. शिवाय चांदीचा मुलामा असता तर इतक्या वर्षांत काळा पडला असता, हा नुसता राखाडी झालाय. पण पाराही तांब्यावर चोळला की पांढरा चकचकीत होतो आणि पुढे मंदावतो, म्हणून मन निश्चिंत होत नाही. घरात चार वर्षांची मुलगी आहे. तिने याच्याशी खेळू नये म्हणून सध्या काचेच्या बाटलीत बंद करून वर ठेवलाय, आणि तापवून बघायचं तर नावच काढलं नाही.

जाणकारांना विचारायचंय:

खरवडल्याशिवाय कथील आणि पारा वेगळे ओळखता येतात का? खाचा बुजल्यात म्हणजे पारा नाही, असं धरून चालेल का? कानाजवळचा तो रंग थराचा आहे की खालच्या तांब्याचा? आणि अशी पांढरी केलेली पैशाची नाणी आणखी कुणाच्या घरी निघाली असतील तर कृपा करून कड आणि खाचांचे जवळून फोटो टाका. पणजोबांची गोष्ट खरी होती का, ते मला मोठ्या आईला सांगायचंय. ती आता ८८ वर्षांची आहे.