'ऑलमोस्ट गॉट इम'मधला तो दगड: विनोद की खूण?

दिवाभीत यांचा प्रश्न

'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरिज' या मालिकेतला 'ऑलमोस्ट गॉट इम' हा भाग अमेरिकेत १० नोव्हेंबर १९९२ रोजी प्रथम दाखवला गेला. या आठवड्यात मी तो लागोपाठ दोनदा पाहिला आणि दुसऱ्यांदा पाहताना जी शंका आली ती येथे मांडतो. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहून यावे, कारण शेवट सांगितल्यावाचून ही शंका मांडताच येत नाही.

कथानक थोडक्यात असे आहे. पॉइझन आयव्ही, टू-फेस, पेंग्विन, किलर क्रॉक आणि जोकर हे पाच खलनायक एका अड्ड्यावर पत्ते कुटत बसले आहेत आणि 'मी बॅटमॅनला जवळजवळ संपवलेच होते' अशी आपापली गोष्ट पाळीपाळीने सांगत आहेत. आयव्हीने विषारी वायूचे भोपळे वापरलेले असतात, टू-फेसने त्याला एका अवाढव्य नाण्याला बांधलेले असते, पेंग्विनने विषारी चोचींचे हमिंगबर्ड त्याच्यावर सोडलेले असतात. क्रॉक मात्र मोठ्या आवेशात सुरुवात करतो: आपण एका खाणीत लपलो होतो, बॅटमॅन शोधत शोधत जवळ येत होता, आणखी जवळ येत होता, आणि मग आपण त्याला दगड मारला. टेबलावर शांतता पसरते. तेव्हा तो पुस्ती जोडतो की दगड मोठा होता.

शेवटी उघड होते की तो क्रॉक नव्हताच; क्रॉकचे सोंग घेऊन बॅटमॅनच त्या टेबलावर बसला होता. माझा प्रश्न असा की, दगडाचा हा विनोद लेखक पॉल डिनी यांनी खूण म्हणून पेरला आहे, की तो मठ्ठ पात्राच्या तोंडी घातलेला साधा विनोद आहे आणि शेवट कळल्यामुळे आपल्याला त्यात खूण दिसू लागते? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. क्रॉक मंदबुद्धीचा आहे हे आपल्याला हसवून पटवले जाते, आणि हसण्यात गुंतलेला प्रेक्षक संशय घेत नाही, याचा लेखकाने फायदा उठवला आहे. मला ही थोडीशी फसवणूक वाटते.

काळी शाई यांचे उत्तर

त्या गोष्टीत काय आहे यापेक्षा काय नाही, हे पाहावे असे मी सुचवीन. बाकीचे चौघे बोलू लागले की अड्डा मागे पडतो आणि घडलेला प्रसंग पडद्यावर उलगडतो. क्रॉकच्या वाट्याला हे येत नाही. खाण दिसत नाही, दगड दिसत नाही, कॅमेरा टेबल सोडून हलत नाही. पहिल्यांदा पाहताना हे खटकत नाही, कारण दोन वाक्यांच्या गोष्टीला वेगळे दृश्य कशाला हवे, असे वाटून जाते.

आता याच मालिकेतला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेला 'पी. ओ. व्ही.' हा भाग आठवून पाहा. त्यात एका फसलेल्या धाडीबद्दल तीन पोलिसांची चौकशी चाललेली असते. डिटेक्टिव्ह बुलक आपली चूक झाकण्यासाठी धडधडीत खोटे सांगतो, परंतु त्याच्या आवाजाबरोबर पडद्यावर जे दिसते ते मात्र खरोखर घडलेले असते. शब्द एक सांगतात, चित्र दुसरेच सांगते, आणि दोहोंच्या मधल्या फटीतून विनोद निर्माण होतो. म्हणजे माणसे खोटे बोलतील पण चित्र खोटे बोलणार नाही, असा एक अलिखित करार या मालिकेने आपल्या प्रेक्षकाशी सुरुवातीच्या काही आठवड्यांतच केलेला होता. तो करार ध्यानात घेतला, तर ज्या गोष्टीला चित्रच दिलेले नाही ती गोष्ट घडलेलीच नाही, असा अर्थ काढण्यास वाव राहतो. लेखक आणि दिग्दर्शक एरिक राडोम्स्की यांनी आपल्याला खोटे काही दाखवलेले नाही. त्यांनी फक्त एक गोष्ट दाखवायचे टाळले आहे. फसवणूक आणि लपवणूक यांत फरक केला पाहिजे.

सुटी चिल्लर यांचे उत्तर

वरील युक्तिवाद चतुर आहे, पण मला तो मान्य नाही. दृश्य न दाखवण्याचे कारण विनोदाच्या घडणीतच सापडते. 'जवळ येत होता, आणखी जवळ येत होता' या पुनरुक्तीने ऐकणाऱ्याची अपेक्षा चढत जाते, आणि तिच्या टोकाला जो भोपळा हाती येतो तो जितका उघडावाघडा असेल तितके हसू मोठे. (आयव्हीच्या भोपळ्यांशी या भोपळ्याचा संबंध नाही.) तेथे दगड भिरकावणारा क्रॉक प्रत्यक्ष दाखवला असता तर पाच सेकंदांची मारामारी दिसली असती आणि विनोद जागीच मेला असता. शिवाय खरे हसू दगडाला येत नाही, त्यानंतरच्या शांततेला आणि 'मोठा होता' या केविलवाण्या समर्थनाला येते, आणि ती शांतता टेबलावरच घडू शकते.

क्रॉकच्या बुद्धीबद्दल एक आठवण करून देतो. तो या मालिकेत पहिल्यांदा आला ऑक्टोबर १९९२मधल्या 'व्हेंडेटा' या भागात, आणि तेथे तो मुळीच मठ्ठ नाही. बुलकचा वेश घेऊन, साक्षीदारांना पळवून, सगळा आळ त्या पोलिसावर ढकलण्याची योजना तो पार पाडत असतो. यावरून कोणी म्हणेल की चाणाक्ष प्रेक्षकाला महिन्याभरात एवढा मठ्ठ झालेला क्रॉक पाहून संशय यायला हवा होता. मी तसे म्हणणार नाही. एकूण ८५ भागांच्या मालिकेत अनेक लेखकांच्या हातांतून गेलेल्या पात्राची अक्कल त्या त्या कथेच्या गरजेप्रमाणे कमीजास्त होते, हा या प्रकारच्या मालिकांचा जुनाच रिवाज आहे.

मला या विनोदात रस आहे तो वेगळ्याच कारणासाठी. दुसऱ्यांदा पाहताना त्याचा मालक बदलतो. पहिल्यांदा आपण क्रॉकच्या मठ्ठपणाला हसतो. दुसऱ्यांदा लक्षात येते की हे वाक्य बॅटमॅनने रचलेले आहे. कधीही पूर्वतयारीवाचून पाऊल न टाकणारा हा गंभीर गृहस्थ आरशासमोर क्रॉकचा मुखवटा चढवताना स्वतःशी विचार करत असणार की, आपली पाळी आली तर क्रॉक काय सांगेल. आणि पुष्कळ विचाराअंती त्याने काढलेले उत्तर म्हणजे दगड. टेबलावर समजा कोणी हसवण्याचा धंदा करत असेल तर तो जोकर, पण त्या रात्रीचा सर्वांत चांगला विनोद सांगितला तो ज्याच्या चेहऱ्यावर या मालिकेत क्वचितच हसू दिसते त्या माणसाने, तेही ओठ न हलवू देता. खूण असो वा नसो, मला एवढे पुरेसे आहे.

काळी शाई यांचे प्रत्युत्तर

पात्रांची अक्कल कथेप्रमाणे बदलते हे सर्वसाधारणपणे खरे आहे, परंतु या विशिष्ट भागाला ते लागू करताना जपून राहावे. आयव्ही टेबलाशी येते तेव्हा टू-फेसशी तिची जी चकमक होते ती आठवा. आपल्या एका अर्ध्याला तिचा गळा दाबावासा वाटतो, असे तो म्हणतो. दुसऱ्या अर्ध्याला काय वाटते असे तिने विचारल्यावर, तिला ट्रकने उडवावेसे वाटते, असे उत्तर येते. मग इतरांना खुलासा मिळतो की या दोघांचे पूर्वी जमले होते. हा विनोद ज्याने सप्टेंबरमधला 'प्रिटी पॉइझन' पाहिला आहे त्यालाच पूर्ण लागतो, कारण टू-फेस होण्यापूर्वीच्या हार्वी डेंटला आयव्हीने विषारी चुंबन देऊन मारायचा प्रयत्न त्या भागात केलेला असतो. जो लेखक प्रेक्षकाकडून दोन महिन्यांपूर्वीचे चुंबन लक्षात ठेवण्याची अपेक्षा करतो, तो महिन्यापूर्वीचा क्रॉक विसरला असेल, हे मला पटत नाही.

शेवटचा बाक यांचे उत्तर

चर्चा एकट्या दगडाभोवती फिरते आहे, म्हणून बाकीच्या टेबलाबद्दल थोडे लिहितो. ते मूळ प्रश्नाला धरूनच आहे.

मृत्युसापळा हा या प्रकारच्या कथांचा सर्वांत जुना आणि सर्वांत दमलेला संकेत आहे. खलनायक नायकाला पकडतो, गोळी न घालता एखाद्या गुंतागुंतीच्या यंत्राला बांधतो, आणि नायक सुटतो. १९६६ साली सुरू झालेल्या, माणसांनी अभिनय केलेल्या बॅटमॅन मालिकेने तर यावर सगळे वेळापत्रक बांधले होते: बुधवारी नायक सापळ्यात अडके आणि गुरुवारी सुटे. डिनी यांच्यापुढे अडचण अशी की, मुलांच्या वेळेत दाखवल्या जाणाऱ्या मालिकेत नायक मरणार नाही हे चिमुरड्या प्रेक्षकालाही ठाऊक असते. त्यांनी ही अडचण शीर्षकातच कबूल करून टाकली. 'जवळजवळ' हा शब्द आधीच सांगितल्यावर सुटणार की नाही हा प्रश्न उरत नाही, आणि लक्ष सांगणाऱ्याच्या बढाईकडे वळते. प्रत्येक जण आपल्या पराभवाची गोष्ट पराक्रमाच्या थाटात सांगतो, यात विनोदाचा मूळ झरा आहे. पेंग्विनच्या गोष्टीत पराभवापेक्षा विशेषणेच जास्त आहेत. टू-फेसच्या गोष्टीचा शेवट तर अपमानावर मीठ चोळणारा आहे, कारण ते अवाढव्य नाणे बॅटमॅनला स्वतःकडे ठेवू दिले गेले, असे कळते. बॅटमॅनच्या गुहेत असे नाणे असते हे वाचकांना १९४७च्या कॉमिकपासून माहीत होते, तेथे त्याचा उगम वेगळा होता. येथे ते टू-फेसच्या खात्यावर टाकले आहे.

जोकरची गोष्ट मला सर्वांत धारदार वाटते. त्याने रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा स्टुडिओ ताब्यात घेऊन बॅटमॅनला विजेच्या खुर्चीला जखडले आहे आणि प्रेक्षकांच्या हसण्यावर त्या खुर्चीतली वीज चढते. हसण्याच्या वायूने गुंगलेल्या त्या प्रेक्षकांपुढे जोकरची साथीदार हार्ली क्विन टेलिफोनची वही वाचते आणि लोक पोट धरून हसतात. हसू यायला विनोदाची गरज नाही, हशा पुरतो, ही टीव्हीवरच्या तयार हशाला मारलेली चपराक एका कार्टूनने मारावी याचे मला अजून नवल वाटते.

आणि शेवटी तो खटका. जोकरच्या बढाईतूनच त्याने पकडलेली कॅटवूमन कोठे आहे हे बॅटमॅनला कळते आणि तो मांजरांचे खाद्य बनवणाऱ्या कारखान्यात पोहोचतो. हार्ली यंत्र सुरू करते, कॅटवूमन सरकत्या पट्ट्यावरून पात्यांकडे जाऊ लागते, आणि आता तिला वाचवायचे की मला पकडायचे, असा पेच हार्ली त्याच्यापुढे टाकते. बॅटमॅन जागचा न हलता हाताशी असलेला विजेचा खटका ओढतो. यंत्र थांबते. इतक्या वर्षांच्या सापळ्यांवर या एका हालचालीइतका नेमका शेरा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

झाडावरचा यांचे उत्तर

दिवाभीत, फसवणुकीच्या आपल्या तक्रारीबद्दल एक छोटी गोष्ट. ज्या कथेत अनेक कथा सांगितल्या जातात तिच्यात आपण सांगणाऱ्याकडे पाहतो आणि ऐकणाऱ्याला विसरतो. वेताळ पंचविशीत मात्र सगळी मेख ऐकणाऱ्यात आहे: विक्रमराजा बोलला की प्रेत पुन्हा झाडावर जाते. या भागातही ऐकणारा कामावर आला आहे आणि बोलून चालणार नाही ही त्याचीही अट आहे. राजा दर वेळी चुकीच्या क्षणी बोलतो, हा एकदाच आणि हवी ती माहिती मिळाल्यावर बोलतो. तोवर पाळी आली म्हणून काही तरी सांगणे भाग होते, तेवढ्यापुरता तो दगड.

दिवाभीत

सर्वांचे आभार. चित्र खोटे बोलत नाही हा मुद्दा मला पटला आणि माझी तक्रार मी बरीचशी मागे घेतो. बरीचशी म्हणण्याचे कारण असे की, एका ठिकाणी लबाडी आहेच: चित्राने करार पाळला असला तरी आवाजाने पाळलेला नाही. सोंग उघडे पडेपर्यंत क्रॉकला क्रॉकच्याच नटाचा आवाज दिलेला आहे आणि बॅटमॅनला आवाज देणारे केव्हिन कॉनरॉय यांचा आवाज त्या क्षणानंतर येतो. बॅटमॅन आवाज बदलण्यात कितीही वाकबगार असला तरी ही सूट लेखकाने स्वतःला दिलेली आहे. अर्थात दुसरा काही मार्गही नव्हता, कारण कॉनरॉय यांचा आवाज पहिल्याच वाक्याला कोणीही ओळखला असता.

शेवटचा बाक यांनी खटक्यावर थांबायला नको होते. त्यानंतर गच्चीवर कॅटवूमन आपल्या दोघांचे काही होऊ शकेल का, असे सुचवते, क्षणभर दुसरीकडे पाहते, आणि वळून पाहते तो बॅटमॅन नाहीसा झालेला असतो. तेव्हा ती शीर्षकाचेच शब्द स्वतःशी म्हणते. पाच जणांनी रात्रभर जे वाक्य फुशारकीने वापरले ते तिच्या तोंडी आल्यावर त्याला पहिल्यांदाच प्रामाणिकपणा येतो, आणि मला तरी तेथे हसावे की नाही हे दोन्ही वेळा ठरवता आले नाही.

राहता राहिला प्रश्न खऱ्या क्रॉकचा. आपल्या नावावर त्या टेबलावर कोणती गोष्ट खपवली गेली, हे त्याला कोणी कळवले असेल का?

सुटी चिल्लर

कळवले असेल तर दगड तेवढा मोठा नव्हता, एवढेच तो म्हणाला असेल.