अनुभव धागा: परदेशातलं सिम, डेटा आणि आपला भारतातला नंबर

परदेशात मोबाइलचा प्लॅन कोणता घ्यावा, हे शिकायला निघालेली मुलंही विचारतात आणि लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने जाणारे आईवडीलही. दोघांची गरज वेगळी. तुम्ही राहता त्या देशातलं लिहा: कागदपत्रं काय लागतात, कुठे अडतं, पैसे कशात जातात. नुसतं 'अमुक कंपनी चांगली' असं नको, का ते सांगा.

जर्मनी

दुकानातून सिम आणलं म्हणजे ते सुरू झालं असं इथे होत नाही. जुलै २०१७ पासून प्रीपेडलाही ओळख पटवणं सक्तीचं आहे. पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरून व्हिडिओ कॉल करायचा किंवा पोस्टात जायचं. व्हिडिओ कॉलला चांगलं वायफाय आणि भरपूर उजेड हवा. पासपोर्टवरची चकाकी पलीकडच्या माणसाला नीट दिसली नाही की पुन्हा पहिल्यापासून.

सुपरमार्केटांच्या स्वस्त प्रीपेड सिमांपैकी आल्डी टॉक ओ-टू कंपनीच्या नेटवर्कवर चालतं, लिडल कनेक्ट व्होडाफोनच्या. म्हणून आधी आपल्या घरी आणि कॉलेजात कोणतं नेटवर्क येतं ते बघा, किंमत नंतर. आणि किंमत बघताना मुदत वाचा: बरेच प्रीपेड प्लॅन महिन्याचे नसून चार आठवड्यांचे असतात, म्हणजे वर्षात १३ रिचार्ज. १० युरोचा प्लॅन वर्षाला १२० नाही, १३० युरोला पडतो.

२४ महिन्यांचा करार, सोबत स्वस्तात फोन, हे विद्यार्थ्यांनी टाळावंच. पुढची नोकरी कुठल्या देशात लागेल ते ठरलेलं नसतं आणि पहिल्या मुदतीत सहसा सुटका नसते.

जर्मन सिम युरोपियन संघात, तसंच नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइनमध्ये जादा पैसे न देता चालतं. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन त्यात नाहीत. प्लॅनमध्ये त्यांची नावं असतील तरच चालू ठेवा. स्विस सीमेवर, बाझेलजवळ किंवा बोडनझे तळ्याच्या काठी, फोन आपोआप स्विस नेटवर्क पकडतो, तिथे डेटा रोमिंग बंद.

अमेरिका

भारतातून आणलेला फोन इथे चालेल का, हा पहिला प्रश्न. २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केलं, त्यामुळे इंटरनेट चालतं पण कॉल लागत नाही असे फोन निघतात. *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि कंपनीच्या साइटवर तपासा. बँडही (फोन पकडू शकतो ते लहरींचे पट्टे) बघा: टी-मोबाइलसाठी १२ आणि ७१, व्हेरायझनसाठी १३. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक फोनांत हे नसतात. मग शहरात रेंज छान आणि घराच्या आत, गावाबाहेर काहीच नाही.

पोस्टपेडला क्रेडिट इतिहास मागतात, प्रीपेडला नाही. मिंट (टी-मोबाइलचं नेटवर्क) किंवा व्हिजिबल (व्हेरायझनचं) यांत आईवडिलांचं काम भागतं. 'अनलिमिटेड' वाचून थांबू नका. किती जीबीनंतर वेग कमी होतो, हॉटस्पॉटला किती मिळतं, व्हिडिओ ४८०पी वर (कमी स्पष्टतेवर) अडवतात का, हे खालच्या बारीक अक्षरांत असतं.

दुबई

एकच गोष्ट: इथल्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल लागत नाहीत, मेसेज जातात. घरच्यांशी बोलायला परवानगी असलेलं बोटिमसारखं अ‍ॅप दोन्हीकडे निघण्याआधीच टाकून ठेवा.

ओटीपीसाठी भारतातला नंबर

सगळ्यात जास्त अडचण इथे होते, म्हणून सविस्तर.

आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्या. मग फोनमध्ये भारतीय सिमचा डेटा रोमिंग बंद, पण सिम चालू. ओटीपीला डेटा लागत नाही आणि रोमिंगवर येणाऱ्या मेसेजला सहसा पैसे पडत नाहीत. येणारा कॉल उचललात तर पडतात; न उचलता व्हॉट्सअ‍ॅपवर उलट फोन करा. आयफोनवर आयमेसेज आणि फेसटाइम नव्याने सुरू होताना भारतीय नंबरवरून गुपचूप एक आंतरराष्ट्रीय मेसेज जातो आणि बॅलन्स कापला जातो. त्या सिमसाठी दोन्ही बंद ठेवा.

रिचार्ज संपला की काही दिवसांत येणारे मेसेजही थांबतात. डेटाचा महागडा प्लॅन मात्र लागत नाही: ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डिसेंबर २०२४ च्या निर्णयानुसार कंपन्यांना फक्त कॉल-मेसेजचं व्हाउचर द्यावं लागतं, आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. वर्षाचं एकदम मारा. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो आणि तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्या फोनवर जातात.

एनआरई किंवा एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं बँक खातं) असेल तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, यूएई, सौदी, कतार आणि ओमान इथल्या नंबरवरही यूपीआय चालवण्याची मुभा २०२३ पासून आहे. आपली बँक देते का, ते विचारा.

दहा-पंधरा दिवसांसाठी

ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच क्यूआर कोडने टाकायचं सिम) पुरे. त्यात बहुधा नुसता डेटा असतो, नंबर नसतो. क्यूआर बरेचदा एकदाच चालतो, तेव्हा घरच्या वायफायवर टाका आणि परत येईपर्यंत डिलीट करू नका. मुदत टाकल्यापासून मोजतात की नेटवर्क पकडल्यापासून, ते विकत घेतानाच वाचा. चीनला जाणाऱ्यांनी बाहेरच्या कंपनीचं रोमिंग ई-सिम घ्यावं, त्यावर गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅप चालतं. तिथल्या स्थानिक सिमवर चालत नाही.