१५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८: नेमके दिवस किती?

सेलूची आई:
लेकीचं मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण बसवतेय. देश स्वतंत्र झाल्यावर मराठवाडा किती दिवसांनी मोकळा झाला, हे वाक्य तिला पाहिजेच आहे. तिनं वहीवर ३९८ काढले, मोबाईल ३९९ दाखवतो, गुरुजी म्हणतात ४००. कोणता आकडा खरा?

लातूरचा जुना कॅशियर:
ताई, लेकीनं वर्षाचे सरसकट ३६५ धरले असणार. १९४८ लीप वर्ष होतं, २९ फेब्रुवारी मधेच येतो. म्हणून १५ ऑगस्ट ते १५ ऑगस्ट ३६६. पुढं ऑगस्टचे उरलेले १६ आणि सप्टेंबरचे १७. झाले ३९९.

ताळा वारानं करा. १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार, १७ सप्टेंबर १९४८ पण शुक्रवारच. म्हणजे अंतराला सातानं पूर्ण भाग गेला पाहिजे. ३९९ म्हणजे बरोबर ५७ आठवडे. ३९८ न् ४०० तिथंच बाद.

परभणी_एक्सेल:
एक्सेलमध्ये दोन घरांत तारखा टाका आणि दुसरीतून पहिली वजा करा. उत्तरात भलतीच तारीख दिसली तर घाबरू नका, त्या घराचं फॉरमॅट 'नंबर' करा. आणि १९०० च्या आधीची तारीख ते तारीख म्हणून घेतच नाही, पणजोबांचं वय काढायला जाऊ नका.

सेलूची आई:
पण भाषणात पुढं 'पाच दिवसांची पोलीस कारवाई' आहे, १३ ते १७ सप्टेंबर. वजाबाकी तर चारच येते! गुरुजी पाचच धरून बसलेत.

लातूरचा जुना कॅशियर:
गुरुजींचं तिथं बरोबर आहे. कारवाई १३ ला सुरू होती, १७ लाही होती. ती हजेरी झाली. मजुराचा पहिला दिवस धरून शेवटचा कापला तर तो ऐकून घेईल का? तिथं वजाबाकीत एक मिळवायचा. पण देशानंतर किती दिवसांनी, हा उशीर आहे. उशिराला नुसती वजाबाकी. आम्ही मुदत ठेवीचं व्याज पण असंच काढायचो, ठेवल्याचा दिवस धरायचा, परतीचा सोडायचा. नाहीतर ऑडिटवाला मानगुटीवर बसायचा.

'३९९ दिवसांनी' आणि 'पाच दिवसांची', दोन्ही राहू द्या.

परभणी_एक्सेल:
आकडा पाठ होत नसेल तर 'तेरा महिने दोन दिवसांनी' म्हणू द्या. माईकवर तेच बरं वाटतं.

सेलूची आई:
ती ३९९ वरच अडून बसलीय. गुरुजींना शुक्रवारचा ताळा दाखवायचाय म्हणे.