कुक काउंटीचा असेसर: टॅक्स ठरवणं त्याच्या हातात नाही, मग तो न्याय कसला करतो?

चौकस_माणूस:
शिकागो ज्या कुक काउंटीत येतं तिथल्या प्रॉपर्टी टॅक्सबद्दल वाचत होतो, त्यात फ्रिट्झ केगी हे नाव सारखं येतं. हा तिथे असेसर, म्हणजे टॅक्ससाठी घरं-इमारतींच्या किमती लावणारा, म्हणून निवडून आला. २०१८ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, त्याने आधीच्या असेसरला, जोसेफ बेरिओसला पाडलं ते टॅक्स फेअर करतो म्हणूनच ना? पण असेसर टॅक्सचा रेट ठरवतच नाही असंही वाचलं, मग हा नक्की करतो काय? आणि मुळात घराच्या किमती काढणारा माणूस मतं मागून का निवडून येतो, आपल्याकडे हे काम पालिकेतले अधिकारी करतात, कोणी त्यासाठी प्रचारबिचार करत नाही.

मीनल_इलिनॉय:
रेट त्याच्या हातात नाही हे बरोबर. शाळा, शहर, पार्कवाले आपापली रक्कम ठरवतात, तिला लेव्ही म्हणतात. असेसरच्या हातात फक्त वाटणी. सोसायटीत गच्चीचं काम निघालं की कॉन्ट्रॅक्टरचा आकडा ठरलेला असतो, भांडण होतं ते कोणी किती द्यायचे यावर, तसंच हे. बेरिओसच्या काळात ही वाटणीच वाकडी होती. स्वस्त घरांची किंमत बाजारभावाच्या मानाने जास्त लावायची, महागड्यांची कमी. २०१७ मध्ये शिकागो ट्रिब्यून आणि प्रोपब्लिकाने हे सगळं बाहेर काढलं, शिकागो विद्यापीठाच्या क्रिस्टोफर बेरी यांचं संशोधनही तेच सांगत होतं. वर पैसेवाले वकील लावून अपील करणार आणि अजून कमी करून घेणार, आणि वकील कोण तर मायकेल मॅडिगन आणि एड बर्क, म्हणजे एक तेव्हाचा विधानसभेचा स्पीकर आणि एक तेव्हाचा नगरसेवक, दोघांच्याही लॉ फर्म हीच अपीलं लढवायच्या 🙂

निवडून देण्याचं म्हणाल तर अमेरिकेत सगळीकडे तसं नाही, बऱ्याच ठिकाणी नेमतात.

आकडेमोड:
कुकमध्ये टॅक्ससाठी घर बाजारभावाच्या १०% धरतात आणि कमर्शियल २५%. त्यामुळे खरी मारामारी ऑफिसं, हॉटेलं, मॉल यांच्या किमतीवर. केगीने घरांच्या मूल्यांकनाचं मॉडेल कोडसकट ऑनलाइन टाकलं, कोणीही तपासावं, आणि कमर्शियलच्या किमती बऱ्याच वर नेल्या. पण असेसरने लावलेल्या किमतीवर अपील करायला वेगळं बोर्ड ऑफ रिव्ह्यू आहे, तिथले तीन कमिशनरही निवडूनच आलेले, आणि त्यांनी त्यातल्या खूप किमती परत खाली आणल्या. लेव्ही तर तेवढीच राहते, मग मोठ्या बिल्डिंगची सुटलेली रक्कम कोणाच्या डोक्यावर जाते? उरलेल्यांच्या. हे लोकांच्या लक्षातच येत नाही, सगळे शिव्या मात्र असेसरला देतात.

चौकस_माणूस:
मग एवढं करून केगीचा उपयोग काय झाला म्हणायचा?

मीनल_इलिनॉय:
माझ्या मते झाला, पण लोकांना वाटतं तसा नाही. फेअर म्हणजे स्वस्त असं धरून बसलेत सगळे. किंमत अगदी बरोबर काढली तरी बिल वाढू शकतं ना. २०२४ च्या फेरमूल्यांकनात तेच झालं, डाउनटाउनची ऑफिसं रिकामी पडल्यामुळे त्यांच्या किमती उतरल्या आणि भार घरांवर सरकला, २०२५ च्या शेवटी बिलं आली तेव्हा वेस्ट साइडच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत तर भयंकर वाढ होती. म्हणजे ज्यांच्यासाठी सुधारणा म्हणून हा निवडून आला त्यांच्यातल्याच कितीतरी जणांना फटका. तिथे नुसतं मूल्यांकन सुधारून भागत नाही, लेव्ही किती वाढवायची आणि सवलती कोणाला द्यायच्या हे दुसरे लोक ठरवतात, त्यांना कोणी विचारत नाही.

आकडेमोड:
+१. आणि तिकडे कोणी ओळखीचं राहत असेल तर सांगा की होमओनर एक्झेम्प्शन (स्वतः राहत्या घराची सवलत) लागलंय का ते बिलावर बघून घ्या, घराचं क्षेत्रफळ रेकॉर्डला बरोबर आहे का तेही. स्वतःच्या घराचं अपील असेसरकडे आणि बोर्डाकडे, दोन्हीकडे फुकट करता येतं, वकील लागत नाही. फक्त शेवटच्या तारखा टाउनशिपप्रमाणे, म्हणजे काउंटीतल्या विभागाप्रमाणे, वेगवेगळ्या असतात, आपली तारीख गेली की बसा पुढच्या वर्षापर्यंत.